कास, लालबाग की श्रीनगर : फुलांसाठी प्रवास करायचा तर कुठे?

पुण्या-मुंबईकडच्या ज्या कुटुंबाला वर्षातून एकदाच केवळ फुले पाहण्यासाठी बाहेर पडणे शक्य आहे, त्याच्यासमोर तीन ठळक पर्याय असतात : सप्टेंबरमधील कास पठार, जानेवारी किंवा ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या लालबागेत भरणारे पुष्पप्रदर्शन आणि एप्रिलच्या आरंभीची श्रीनगरची ट्युलिप बाग. तिन्हीकडे फुलांना तोटा नाही. मात्र खर्च, फुलोऱ्याची खात्री आणि पाहण्याची रीत इतकी वेगळी आहे की, एका ठिकाणची अपेक्षा मनात धरून दुसरीकडे गेल्यास हिरमोड होतो.

एकच सहल करायची असेल, तर माझा कौल कासला आहे. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून जवळपास १२०० मीटर उंचीवर पसरलेल्या या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, माती अगदी पातळ आहे, आणि तरीही येथे ८५० हून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद झालेली आहे. सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी गालिचा रस्त्यावरूनही दिसतो. पण खरे कास उकिडवे बसल्यावरच कळते. ओल्या खडकालगत सीतेची आसवे नावाचे नखाएवढे जांभळट निळे फूल असते. त्या तुटपुंज्या मातीत पोषण पुरेसे मिळत नाही, म्हणून ही वनस्पती जमिनीतल्या आपल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले बारीक जीव ओढून घेते आणि त्यांवर गुजराण करते. शेजारीच गेंदाचे पांढरे गोंडे वाऱ्यावर हलत असतात. हे सारे कोणी लावलेले नाही, याचे मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटते.

मात्र येथे तारखेची हमी नाही. बहर पावसावर अवलंबून असतो, धुके उतरले की समोरचे दिसत नाही, आणि टोपली कारवी या झुडपाचा सार्वत्रिक फुलोरा तर सात वर्षांतून एकदाच येतो. रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असल्यामुळे ऑनलाइन नोंदणी आधी करावी आणि शनिवार-रविवार टाळावेत. फोटोसाठी वाट सोडून फुलांत बसणारी माणसे पाहिली की जीव तुटतो. पायाखाली चेपलेले रोप बी धरण्याआधीच जाते.

ज्यांना खात्री हवी आहे किंवा ज्यांच्यासोबत वयस्कर मंडळी आहेत, त्यांनी लालबाग निवडावी. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन यांच्या सुमारास प्रदर्शन भरते, वाटा सपाट आहेत आणि मेट्रोचे स्थानक जवळ आहे. १८८९ च्या काचघरातील फुलांनी घडवलेल्या भव्य प्रतिकृतीभोवती गर्दी लोटते. परंतु हैदर अलीने १७६० मध्ये आरंभिलेल्या या २४० एकरांच्या बागेतील जुने वृक्ष मला त्या प्रतिकृतीहून अधिक मोलाचे वाटतात, त्यामुळे सकाळी लवकर जाऊन निम्मा वेळ त्यांच्यासाठी राखावा. केवळ कुंडीतले गुलाब, बोन्साय आणि पुष्परचना पाहायच्या असतील, तर पुणेकरांनी एवढे लांब जाण्याचे कारण नाही. जानेवारीच्या अखेरीस पुण्यातल्याच एम्प्रेस गार्डनमध्ये भरणारे प्रदर्शन त्यासाठी पुरेसे आहे.

श्रीनगरची बाग सर्वांत खर्चिक, आणि तिचा हंगामही आखूड. झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराच्या वरच्या अंगाला सुमारे ३० हेक्टरांवर शरद ऋतूत कंद लावले जातात. लवकर, मध्ये आणि उशिरा फुलणाऱ्या जाती मिसळूनही बहर जेमतेम तीन-चार आठवडे टिकतो, आणि मध्येच उष्मा वाढला तर पाकळ्या त्याहून लवकर गळतात. म्हणून विमानाचे तिकीट एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातले काढावे, श्रीनगरात किमान तीन दिवस ठेवावेत आणि बागेसाठी त्यांतली पहिलीच कोरडी सकाळ निवडावी. पाऊस लागलाच, तर उरलेले दोन दिवस हाताशी राहतात आणि निशात-शालिमार या मुघल बागाही त्यातच पाहून होतात.