धरणाकाठची जेट्टी: सागवान की ॲल्युमिनियम?

पानशेत असो, पवना असो की मुळशी, जेट्टीचा विचार डोक्यात आला की आधी मे महिन्यात जाऊन काठ बघून या. गणपतीच्या दिवसांत बांधाला टेकलेलं पाणी उन्हाळ्यात कित्येक मीटर खाली उतरलेलं असतं आणि मधे नुसता भेगाळलेला गाळ. खांब रोवून बांधलेली जेट्टी तेव्हा हवेत उभी राहते. म्हणून आपल्याकडे तरंगती जेट्टीच हवी, आणि ती पाण्यामागून खाली-वर सरकवता आली पाहिजे. माझ्या मते लाकूड की धातू हा निकाल इथेच निम्मा लागतो.

एक इंच जाडीची सागवानी फळी घेतली, तर एक चौरस मीटरला साधारण १६ किलो भरते. तेवढ्याच जागेला ३ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा आठ-नऊ किलोंत बसतो. खालच्या तुळया धरल्या तर फरक आणखी वाढतो. शिवाय लाकूड पाणी पिऊन जड होतं ते वेगळंच. चार माणसांनी उचलून गाळातून पन्नास पावलं न्यायचा प्रसंग दरवर्षी येणार असेल, तर सांगाडा ॲल्युमिनियमचाच करा, असं मी ठामपणे सांगेन.

सांगाड्याला लाकूड नको म्हणण्याचं दुसरं कारण म्हणजे ओलं-कोरडं होणं. सतत पाण्याखाली असलेलं लाकूड बरंच टिकतं. पाण्याची रेघ जिथे वर-खाली होते तिथे मात्र बुरशी धरते, आणि जेट्टी उन्हाळ्यात जमिनीला टेकली की वाळवी. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात जुनं, पक्कं सागवान मिळालं तर ते दोन्हींना बऱ्यापैकी दाद देत नाही, पण त्याचा भाव विचारल्यावर ॲल्युमिनियम महाग वाटायचं थांबतं. स्वस्तातलं पाइन घेतलं तर त्यावर प्रक्रिया लागतेच. इथे मला कळकळीनं सांगावंसं वाटतं: तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं हिरवट लाकूड या पाण्यात घालू नका, आणि सुतार म्हणाला तरी जळकं ऑइल चोपडू नका. पानशेत-वरसगावचं पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळाला येतं, पवनेचं पिंपरी-चिंचवडला जातं.

पायाखाली मात्र लाकूडच जिंकतं. एप्रिलच्या दुपारी उघड्या ॲल्युमिनियमवर अनवाणी पोरं उभी राहू शकत नाहीत. सागवानी फळीही तापते, पण चटका तितका बसत नाही. होडी घासली तरी लाकूड तिला ओरखडत नाही. फळी फुटली तर गावातला सुतार ती तासाभरात बदलतो. ॲल्युमिनियमचा सांधा तुटला तर आरगॉन वेल्डिंगवाला शोधा, नाहीतर तुकडा उचलून भोसरीला न्या. पावसाळ्यात लाकडावर शेवाळ धरतं, तेव्हा दोन फळ्यांत बोटभर फट ठेवा आणि ताठ ब्रशनं घासत राहा. वर्षातून एकदा तेलपाणीही आलंच.

त्यामुळे माझी निवड मिश्र आहे: खाली प्लास्टिकची पिंपं किंवा तयार फ्लोट, त्यावर ॲल्युमिनियमचा सांगाडा, वर सागवानाच्या सुट्या, बोल्टनं कसलेल्या फळ्या. घर भाड्यानं देणार असाल आणि देखभालीला कोणीच नसेल, तर वरही फिकट रंगाचा, खाचांचा ॲल्युमिनियम पत्रा टाका.

मुळा-मुठेच्या पात्रात प्रश्न वेगळा होतो. तिथे जलपर्णी, सांडपाणी, आणि खडकवासल्यातून विसर्ग वाढला की पाण्याचा जोर. तिथे सामानापेक्षा दोर आणि नांगर यांवर जास्त पैसा घाला.

फॅब्रिकेटरकडून कोटेशन घेताना ॲल्युमिनियमचा ग्रेड, म्हणजे मिश्रधातूचा प्रकार, लिहून मागा. खिडक्यांना वापरतात तो ६०६३चा सेक्शन स्वस्त पडतो, पण भार घेणाऱ्या तुळयांना ६०६१-टी६ घ्या. वेल्डिंगच्या जागी त्याचीही ताकद बरीच उतरते, म्हणून मुख्य सांधे बोल्टचे ठेवलेले बरे. बोल्ट स्टेनलेसचे, आणि धातूला धातू लागू नये म्हणून मधे नायलॉनचे वॉशर. साधे लोखंडी बोल्ट लावले तर ओलाव्यात त्यांच्याभोवतीचं ॲल्युमिनियमच खाल्लं जातं.

जेट्टीवरून पंपाची वायर नेणार असाल तर अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय स्विच टाकू नका. धातूच्या सांगाड्यात वीज उतरली तर पाण्यात उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल. आणि ऑर्डर देण्याआधी परवानगीचं बघा: काठची जमीन धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या पातळीपर्यंत बहुतेक ठिकाणी जलसंपदा विभागाची असते, मुळशीला टाटा पॉवरची. सातबारा तुमच्या नावाचा असला तरी तो पाण्यापर्यंत पोचतोच असं नाही.