साइड बॉक्सचा लॅच ढिला झालाय: पिन बदलायची, टॉगल लावायचा की कडी-कोयंडा?

बाईकच्या साइड बॉक्सचा नाहीतर टॉप बॉक्सचा लॅच झिजला की प्रश्न येतो, कंपनीचा मागवायचा की हार्डवेअरच्या दुकानातून काहीतरी आणून बसवायचं. माझं मत आधीच सांगून टाकतो. बॉक्स अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पत्र्याचा असेल तर बाजारातला टॉगल लॅच (हँडल दाबून झाकण आवळणारा) बिनधास्त लावा, प्लास्टिकचा असेल तर आधी पिन आणि स्प्रिंग बदलून बघा, आणि ज्या लॅचने अख्खा बॉक्स गाडीच्या फ्रेमला अडकतो तो गेला असेल तर जुगाड अजिबात नको, तिथे ओरिजिनलच घ्या. घाटातल्या वळणावर भरलेला बॉक्स सुटून मागच्या टू व्हीलरवाल्यासमोर पडला तर काय होईल याचा विचार करा, पैसे वाचवायची ती जागा नाही. म्हणून पुढचं सगळं फक्त झाकणाच्या लॅचबद्दल.

आणि काही विकत घ्यायच्या आधी नेमकं काय झिजलंय ते बघा, कारण बऱ्याचदा लॅच ठणठणीत असतो आणि झाकणाच्या कडेचं रबर दाबून दाबून चपटं झालेलं असतं, मग लॅचला ओढून धरायला काही उरतच नाही आणि तो खुळखुळतो. झाकणात कागदाची पट्टी अडकवून लॅच लावा, पट्टी अलगद निघून आली तर तिथलं रबर बसलंय. दरवाजाला लावतात ती चिकट पाठीची रबर पट्टी आणून लावली की बरेचदा लॅचला हातही लावावा लागत नाही.

रबर ठीक असेल तर पिनकडे बघा. लॅचचा दांडा ज्या रिव्हेटवर फिरतो तिथलं भोक लांबट होतं आणि सगळी पकड जाते. जुनं रिव्हेट ड्रिलने काढायचं, भोक एक साइज मोठं करून गोल करायचं, म्हणजे 4 मिमीचं असेल तर 5 मिमीचं, आणि त्यात 5 मिमीचा स्टीलचा बोल्ट घालून वर नायलॉन रिंगवाला लॉक नट. हा नट गच्च आवळायचा नाही, दांडा मोकळा फिरला पाहिजे, आतली नायलॉन रिंग त्याला व्हायब्रेशनमध्येही जागचा हलू देत नाही. फायदा काय, तर जुनी चावी तशीच चालते, बॉक्सला नवीन भोक पडत नाही आणि खर्च अगदी किरकोळ. पण लॅचचा आकडाच झिजला असेल तर पिन बदलून काही उपयोग नाही. प्लास्टिक बॉक्सवाल्यांनी एक लक्षात ठेवा, नट सुटू नये म्हणून जे लिक्विड लावतात ते इथे नको, एबीएस आणि पॉलीकार्बोनेटला त्याने तडे जातात.

आता टॉगल लॅच. लोणच्याच्या जुन्या काचेच्या बरणीला तारेची कडी असते ना, तेच तंत्र आहे. हँडल खाली दाबलं की मधल्या रेषेच्या पलीकडे जाऊन बसतं, त्यामुळे खड्ड्यांच्या धक्क्याने ते उघडत नाही, उलट झाकण रबरावर ओढून धरतं. घेताना आकड्याला आटे असलेला घ्या, पुढे रबर बसलं तरी फिरवून टाइट करता येतो, आणि कुलपाचं भोक असलेलाच घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात बोहरी आळीत फिरलात तर साइज हातात घेऊन बघता येते, हे ऑनलाइन फोटोवरून कळत नाही. चुंबक सोबत न्या, घट्ट चिकटलं तर बहुतेक पॉलिश मारलेलं लोखंड, पावसाळ्यात गंजणार. पण नाही चिकटलं म्हणजे 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टीलच असेल असं नाही, 202 ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही आणि ते खाऱ्या हवेत 304 इतकं टिकत नाही, त्यामुळे कोकणात राहत असाल तर ग्रेड विचारूनच घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉक्सवर स्टील बसवताना मध्ये नायलॉनचा वॉशर आणि बोल्टला थोडं ग्रीस, नाहीतर खारं पाणी लागून अ‍ॅल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते. रिव्हेटपेक्षा मी बोल्टच सुचवेन, आतून मोठा वॉशर लावून, म्हणजे पत्रा फाटत नाही आणि उद्या परत काढायचं झालं तर ड्रिल शोधायला नको.

कडी-कोयंडा सगळ्यात स्वस्त आणि कुलूप मजबूत बसतं हे खरं, पण तो झाकण ओढत नाही, नुसतं अडवतो, म्हणजे खडखडाट होणार आणि पाणी आत येणार. टूल बॉक्सला ठीक आहे, कपडे आणि कागदपत्रांच्या बॉक्सला नको. बकलवाला नायलॉनचा पट्टा मात्र सोबत असूच द्या, रस्त्यात लॅच तुटला तर घरापर्यंत तोच आणतो, फक्त उरलेलं टोक नीट बांधा, चेनमध्ये किंवा चाकात जाता कामा नये आणि सायलेन्सरला टेकला तर वितळतो. हुकवाली इलास्टिक दोरी त्याजागी वापरू नका, ताणलेला हुक सटकला तर सरळ डोळ्यावर येतो.

कंपनीचा लॅच कधी घ्यावा? दोन्ही बॉक्स आणि टॉप बॉक्स एकाच चावीवर असतील आणि पार्ट सुटा मिळत असेल तर घ्या, ती सोय टॉगलला येत नाही.

काहीही लावलं तरी बॉक्समध्ये वर्तमानपत्र पसरून बाहेरून पाइपने पाणी मारा, विशेषतः लॅचच्या बोल्टांवर आणि कोपऱ्यांवर. कागद जिथे ओला होईल तिथे आतून सिलिकॉन भरा, वाळायला रात्रभर द्या आणि परत पाणी मारून बघा.