पाळणाघराची फी बघताय? आधी वेळ बघा (आमच्या डे केअरचा रिव्ह्यू)

परत कामावर जायचं ठरवलं की सगळ्यात आधी फी विचारली जाते, आम्हीपण तेच केलं, आणि जिथं फी सगळ्यात कमी तिथं मुलीला घातलं. ते पाळणाघर माझी शिफ्ट संपायच्या आधीच बंद व्हायचं. म्हणजे रोज एकतर मी लवकर निघायचं नाहीतर नवऱ्यानं, रोज कुणाला तरी मध्येच उठून यावं लागायचं, आणि त्यात जरा नाक वाहिलं की फोन यायचा की घेऊन जा. महिन्याच्या शेवटी कापलेला पगार बघितला तर वाचलेली फी त्यातच गेली होती. मुलांना सांभाळणाऱ्या ताया पण सारख्या बदलायच्या, मुलगी एकीला ओळखायला लागली की ती सोडून गेलेली असायची.

आता जिथं आहे तिथं वर्षाच्या वर झालं. इथली फी उत्पन्नाप्रमाणे आहे, पगाराची स्लिप दाखवायची आणि त्यावरून स्लॅब ठरतो, कमी कमावणाऱ्याला कमी. आमच्या गटात सफाईचं काम करणाऱ्या आईचं मूल आहे आणि बँकेत काम करणाऱ्या आईचंपण, दोघं एकाच चटईवर झोपतात. मला ही या जागेची सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. स्वीडनमध्ये २००२ पासून हे देशभर आहे, घरच्या उत्पन्नाच्या ठराविक टक्क्यांवर फी जाऊच शकत नाही, पहिल्या मुलाला ३ टक्के, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, आणि त्यालाही वर मर्यादा. इथे मात्र दुसऱ्या मुलाला सवलत नाहीये, ती यायला हवी, कारण दोन मुलांची फी भरायची वेळ आली की बायका हमखास हिशेब करून नोकरी सोडतात.

सकाळी लवकर उघडतं, ड्युटीच्या आधी सोडून आरामात पोचता येतं. पहिले काही दिवस आईनं किंवा बाबांनी सोबत बसायचं, मग हळूहळू वेळ कमी करायचा, मुलीला सवय लागेपर्यंत घाई केली नाही कुणी. आजारपणाचे नियम भिंतीवर लिहून लावलेत, ताप किंवा जुलाब असतील तर आणू नका, नुसती सर्दी असेल तर चालेल, त्यामुळे उगाच फोन येत नाहीत. झोप किती झाली, शी-शू, खाल्लं का, सगळं एका वहीत लिहिलेलं असतं. छोट्या गोष्टी वाटतात पण कामावर डोकं शांत राहतं ते यामुळेच.

आता ताया. अगदी तान्ह्या बाळांच्या खोलीत एका ताईकडे तीनच बाळं असतात. इंग्लंडमध्ये २ वर्षांखालच्या मुलांसाठी हाच नियम आहे, ३ बाळांमागे एक माणूस, आणि पाळणाघर महाग का पडतं ते इथेच कळतं, कारण खर्चाचा मोठा भाग पगारांचा असतो आणि तो कमी करायचे दोनच रस्ते आहेत, एका ताईकडे जास्त मुलं द्या नाहीतर ताईला कमी पगार द्या. दोन्हीत नुकसान बाळाचंच. आमच्या आधीच्या ठिकाणी ताया का टिकत नव्हत्या ते मला इथं आल्यावर समजलं. इथे फीसोबत सरकारी अनुदान आहे आणि काही कंपन्या आपल्या स्टाफसाठी जागा बुक करून पैसे भरतात, म्हणून पगार बरे आहेत आणि ताया टिकल्यात. नुसत्या पालकांच्या फीवर हे चालणारच नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पण नुसती फी उतरवूनपण भागत नाही हां. कॅनडातल्या क्युबेकनं १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरवर पाळणाघर सुरू केलं, कामावर जाणाऱ्या आया खरंच भरपूर वाढल्या, पण जागा पुरेनात, वेटिंग लिस्ट लांबल्या आणि दर्जावरून प्रश्न आले. जर्मनीत २०१३ पासून वर्षाच्या वरच्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, आणि २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टानं सांगितलं की पालिकेच्या चुकीमुळे जागा मिळाली नाही आणि त्यापायी आईचा पगार बुडाला तर भरपाई मागता येते. मला हे फार पटलं. जागा नसणं म्हणजे पगार बुडणं, हे कुणीतरी कागदावर मान्य केलं. भारतात मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आईला दिवसातून ४ वेळा बाळाला भेटता येतं, पण छोट्या दुकानात किंवा लोकांच्या घरी काम करणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? तिच्यासाठी आमच्यासारखी उत्पन्नावर फी घेणारी जागाच पाहिजे.

वेटिंग इथेपण आहे, बाळ व्हायच्या आधी नाव घातलंत तर बरं, आणि हा मोठा तोटाच आहे कारण नोकरीची ऑफर जागेसाठी थांबत नाही. मध्येच काम मिळालेल्या आईसाठी दोन-चार जागा राखून ठेवायला हव्यात.

सगळ्यात मोठी अडचण संध्याकाळची. दुसरी शिफ्ट करणाऱ्यांसाठी इथे काहीच नाही. नर्स, दुकानातल्या मुली, कॉल सेंटरवाले, कितीतरी जणांची कामं दिवे लागल्यानंतरही चालू असतात, त्यांनी काय करायचं? आणि हे अशक्य आहे असं नाही, १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या कायझर जहाज कारखान्यानं २४ तास चालणारी पाळणाघरं उघडली होती, घरी जाताना आईला तयार जेवणसुद्धा विकत नेता यायचं, कारण बायका वेल्डिंगला हव्या होत्या. युद्ध संपलं आणि ती बंद झाली. गरज वाटली तेव्हा सगळं जमलं होतं.

आम्ही काही पालकांनी मिळून संध्याकाळच्या बॅचसाठी अर्ज दिलाय. उत्तर आलं की आणखी ताया लागतील आणि त्यासाठी अनुदान वाढायला पाहिजे, ते खरंही आहे, म्हणून तोच अर्ज आता आम्ही आमच्या नगरसेवकांकडे आणि माझ्या आणि नवऱ्याच्या ऑफिसच्या एचआरकडेपण देतोय.

दिवसाची ड्युटी असेल तर डोळे झाकून नाव घाला. संध्याकाळची शिफ्ट असेल तर सध्या नको, तुमची ओढाताण होईल. ५ पैकी ४ स्टार, पाचवा संध्याकाळची बॅच सुरू झाली की देईन.