सांगलीच्या नदीकाठी पाच महिने: पावसाळी सँडल, गमबूट आणि बाकीचे जोड

जूनच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत चार जोड आलटून पालटून वापरले. रबरी तळाचे, मागे पट्टा असलेले पावसाळी सँडल. बारा इंच उंचीचे गमबूट. फोमचे एकसंध ओतलेले क्लॉग. आणि कॅनव्हासचे बूट. वाटाही नेहमीच्याच होत्या: गणपती मंदिर, सराफ कट्टा, आयर्विन पूल, सरकारी घाट, विष्णू घाट आणि हरिपूरला संगमेश्वरापर्यंत. गणपती ते कोजागरी या दिवसांत सांगली बघायला येणाऱ्याने पावसाळी सँडल घ्यावेत आणि पिशवीत एक कोरडा जोड ठेवावा, असं आमचं ठाम मत झालं आहे.

सांगलीत मोठा पूर येतो तो बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा तसंच झालं. भाद्रपदापर्यंत पाणी उतरलेलं असतं, पण शहर कोरडं झालेलं नसतं. कोयना धरण तोवर भरत आलेलं असतं. परतीचा पाऊस जोरात झाला, वक्र दरवाजे उचलले, की घाटाच्या खालच्या पायऱ्या पुन्हा पाण्यात जातात. म्हणून निघण्याआधी आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी बघून घ्यावी. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड अशा सखल भागांत तर इशारा पातळीच्या आतच पाणी शिरायला लागतं. पातळी चढती असेल तर नदीकाठ बघायचा बेत सरळ पुढे ढकलावा. वाहत्या पाण्यात कोणतंच पादत्राण उपयोगाचं नाही. घोट्याच्या वर आलेली ओढ माणसाला पाडू शकते आणि गढूळ पाण्याखाली ड्रेनेजचं झाकण जागेवर आहे की नाही ते दिसत नाही.

खरा त्रास देतो तो गाळ. पूर ओसरला की पायऱ्यांवर, गल्लीतल्या फरश्यांवर, ओट्यांवर पिठासारखा बारीक गाळ बसतो. वाळला की तो धूळ होतो आणि एक सर आली की साबण. जाड चिखलात पाय रुततो, त्यामुळे निदान तोल सांभाळता येतो. पण घाटाच्या काळ्या दगडावर बसलेला हा कागदाएवढा पातळ थर पाय सरळ पुढे नेतो. तिथे तळाच्या खाचांपेक्षा रबराचा मऊपणा जास्त कामाला येतो. दुकानात तळावर अंगठ्याचं नख दाबून बघा. खूण उमटून हळूहळू भरून आली तर रबर मऊ आहे. नख घसरलं आणि तळ चकाकत असला तर ते कडक पीव्हीसी. तो जोड तिथेच ठेवा. दुकानदार तयार असेल तर फरशीवर पेलाभर पाणी ओतून त्यावर उभं राहून बघावं, दोन मिनिटांत निकाल लागतो. हिरवं शेवाळ मात्र कोणत्याही रबराला दाद देत नाही. हिरवी पायरी दिसली की बाजूची धरावी, किंवा तिथूनच परत फिरावं.

खाचांचा उपयोग हरिपूरच्या बाजूला, शेताकडेच्या काळ्या मातीत. इथे उलटाच धडा मिळाला. खोल आणि दाट खाचांचा तळ माती धरून ठेवतो. वीस-पंचवीस पावलांत दोन्ही पायांना ढेकळं चिकटतात, पाय जड होतात आणि खाचा बुजल्यामुळे तळ सपाटच होऊन बसतो. खाच चार-पाच मिलिमीटर खोल आणि दोन खाचांमध्ये करंगळी मावेल इतकं अंतर, हे माप सगळ्यात चांगलं ठरलं. चालता चालताच माती सुटते, उरलेली काडीने निघते.

सँडलच का, तर बुटाला पाणी अडवता येईल या भरवशावर राहून चालत नाही. पाणी वरून येतंच. कॅनव्हासचा बूट एकदा भिजला की आत रद्दी कोंबून, दर दोन तासांनी ती बदलूनही दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दमट राहतो. तसाच घातला तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या ठरलेल्या. सँडलमध्ये आलेलं पाणी चार पावलांत निघून जातं. मागचा पट्टा मात्र हवाच. हवाई चपलेने पोटरीपर्यंत शिंतोडे उडतात आणि चिखलात पाय उचलताना पुढचा बंद उपसून येतो. फोमचे क्लॉग वजनाला हलके, धुवायला सोपे, पाणी पीत नाहीत. घरात आणि लॉजवर वापरायला चांगले. पण दोन महिन्यांत टाचेखालची नक्षी झिजून गेली आणि ओल्या मंदिराच्या फरशीवर ते चारांमध्ये सगळ्यात जास्त घसरले.

आता सँडलमध्ये काय बिघडलं ते. पहिला बिघाड दहाव्या आठवड्यात, बोटांच्या मुळाशी तळ जिथे वाकतो तिथे. वरचा थर आणि खालचं रबर यांच्यातलं पेस्टिंग नखाएवढं उकललं. नुसत्या पाण्याने हे इतक्या लवकर होत नाही. त्या फटीत गाळाचे कण शिरतात आणि प्रत्येक पावलाला पॉलिश पेपरसारखं काम करतात. फट दिसल्या दिवशीच थांबावं. टूथब्रशने आतला गाळ पूर्ण काढायचा, दोन दिवस सावलीत वाळवायचं, जुना सोल्यूशनचा थर पॉलिश पेपरने खरवडायचा. मग दोन्ही बाजूंना पातळ सोल्यूशन लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबून वर पाटा-वरवंट्यासारखं वजन रात्रभर ठेवायचं. ओलं असतानाच चिकटवलं तर आठवड्यात पुन्हा सुटतं. त्यानंतर चप्पल दुरुस्तीवाल्याकडून कडेने नायलॉन दोऱ्याची शिलाई मारून घेतली. शिलाई मारताना तळाला आधी चर पाडून दोरा त्यात बसवायला सांगावं. दोरा वर राहिला तर रस्त्याला घासून महिनाभरात तुटतो. नवा जोड घेतल्या घेतल्या शिलाई मारून घेतली असती तर हे दुखणं आलंच नसतं, आणि तोच सल्ला आहे.

दुसरं, वेल्क्रो. आकड्यांच्या बाजूला गाळ, गवताचे तंतू, केस जमून सप्टेंबरअखेर पट्टा आपोआप सुटायला लागला. वेल्क्रो संपला असं वाटतं, पण तसं नसतं. कोरडा असताना बारीक फणीने किंवा सुईने आकडे मोकळे केले की पकड बरीचशी परत येते. मंदिरांमध्ये वारंवार काढ-घाल करायची असल्याने बकलपेक्षा वेल्क्रो सोयीचा, पण घोट्याचा पट्टा बकलचा आणि पुढचा वेल्क्रोचा असा जोड मिळाला तर तो घ्यावा.

तिसरं, पायाखालचा आतला तळ. तिथे गाळाचा थर बसला की उतरताना पाऊल आतल्या आत पुढे सरकतं आणि बोटं पट्ट्यावर आदळतात. आतला तळ खडबडीत, बारीक गोट्यांचा असावा आणि घाट उतरण्याआधी बाटलीतल्या पाण्याने एकदा धुऊन घ्यावा. भिजलेली कातडी लवकर सोलते, म्हणून टाचेच्या मागे आणि करंगळीच्या बाहेर निघण्यापूर्वीच चिकटपट्टी लावावी. देवळात शिरताना पाय पुसायला एक पंचा जवळ असू द्या, बोटांच्या बेचक्यांसकट पुसा. पायाला जखम, भेग असेल तर साचलेल्या पाण्यात सँडलने उतरू नका. लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग अशाच जखमांतून होतो. तसं पाणी लागलंच तर साबणाने पाय धुऊन डॉक्टरांना विचारावं.

अशा पाण्यात आणि घरातला गाळ उपसताना गमबूटच हवेत, त्यांना पर्याय नाही. एक नंबर मोठे घ्या, आत जाड मोजे घाला, सुती नकोत. पण पर्यटनाला ते नकोत. तासाभरात पाय घामाने आतूनच भिजतात, पायऱ्यांवर घोटा वळत नाही आणि पाणी काठावरून आत गेलं की दोन बादल्या ओढत चालल्यासारखं होतं.

कोल्हापुरीबद्दल बरेच जण विचारतात. या चपलेच्या भौगोलिक मानांकनात सांगली आणि सातारा जिल्हेही आहेत, तेव्हा इथे येऊन ती घ्यावीशी वाटणं साहजिक आहे. जरूर घ्या, पण पिशवीतून न्या. ती भिजली की कातडं फुगतं, वाळताना आकसतं, टोक वर वळतं आणि वादीची शिवण सैल होते. चुकून भिजलीच तर उन्हात टाकू नका. सावलीत वाळवून एरंडेलाचा हलका हात फिरवा. दसऱ्यानंतर वाटा कोरड्या झाल्या की तिच्यासारखं पायाला सुख देणारं दुसरं काही नाही.

जुने स्पोर्ट शूज कपाटातून काढून आणणाऱ्यांनी निघण्याआधी तळाचा मधला फोम अंगठ्याने दाबून बघावा. पॉलियुरेथेनचा फोम वर्षानुवर्षं दमटपणात पडून राहिला की आतून कुजतो. बूट वरून नवाकोरा दिसतो आणि पहिल्याच किलोमीटरला तळाचा भुगा होतो. दाबल्यावर चिरा पडल्या तर तो बूट आणू नये.

मुक्कामी परतल्यावर सँडल आधी नुसत्या पाण्याने, मग साबणाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून ब्रशने धुवावेत. गाळ ओला असतानाच निघतो, वाळला की शिवणीत घट्ट बसतो. ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवू नयेत. सोल्यूशन मऊ पडतं, आणि क्लॉग असतील तर फोम आकसून जोड अर्धा नंबर लहान होतो. पंख्याखाली आडवे ठेवले की सकाळपर्यंत वाळतात. पाच महिन्यांनंतर आमच्या जोडाची टाच बाहेरच्या कडेने तीन मिलिमीटर झिजली आहे, शिलाई शाबूत आहे, डाव्या पायाचा वेल्क्रो नवा लावून घ्यावा लागेल. पुढच्या आषाढापर्यंत तळाची पकड पुरेल असं दिसतं, श्रावणापर्यंत बहुतेक नाही.