मंदीतलं दुर्मिळ नाणं म्हणून सोलापुरात काकांना गंडवलं, सावध राहा

गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापुरात बाहेरचे विक्रेते भरपूर येतात, त्यातलाच एक नाणीवाला नव्या पेठेजवळच्या एका लॉजवर हॉल घेऊन बसला होता आणि आमच्या काकांना त्यानं पार लुटलं, म्हणून हे लिहितोय. काका चादर कारखान्यातून रिटायर झालेत, नाण्यांची हौस लहानपणापासनं. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला सरकारनं १९४३ पासून भोकाचा पैसा काढला होता ना, तो त्यांच्याकडं आहे आणि कुणी घरी आलं की आधी तो दाखवतात.

त्या माणसानं नेमकं हेच धरलं. "काका, युद्धात जसं झालं तसंच अमेरिकेत मंदीत झालं, २००९ ला टांकसाळीनं नाणी पाडणं जवळजवळ बंद केलं, म्हणून ही दोन जगात मोजकीच राहिली." एक पाच सेंटचं, एक दहा सेंटचं. सहा हजार रुपये घेतले, वर लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, त्यावर गोल शिक्का पण संस्थेचा पत्ता कुठंच नाही.

मी घरी पाच सेंटचं नाणं हातात घेऊन बघितलं. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये घातलेलं, समोर बघणारा अमेरिकेचे जुने राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचा चेहरा, उजवीकडं २००९ आणि त्याच्या खाली बारीक पी, म्हणजे फिलाडेल्फियाची टांकसाळ. नाणं शंभर टक्के खरं आहे. खोटी आहे ती गोष्ट, आणि ती सुद्धा पूर्ण खोटी नाही, म्हणूनच माणूस फसतो.

मंदीत नाणी कमी पाडली हे खरंय. लोकांच्या हातात पैसा नसला की घरातले गल्ले फुटतात, बरण्यांतली चिल्लर बँकेत येते, दुकानातली उलाढाल पण कमी होते, मग बँका टांकसाळीकडं नवीन नाणी मागतच नाहीत. अमेरिकेत २००८ ला पाच सेंटची साधारण ६२ कोटी नाणी पाडली होती, २००९ ला ती ८ कोटी ६६ लाखांवर आली. फिलाडेल्फियात ३ कोटी ९८ लाख आणि डेन्व्हरला ४ कोटी ६८ लाख. घसरण मोठी आहे, मान्य, पण जवळपास चार कोटी म्हणजे मोजकी का? आख्ख्या सोलापूर जिल्ह्यात माणशी एक वाटलं तरी ढीग उरेल. तिकडं हे नाणं आजही पाच सेंटला चालतं, आणि एकदम कोरं असलं तरी काही डॉलरच्या घरात मिळतं.

आणि आकडा कमी म्हणजे किंमत जास्त असंही नसतं. अमेरिकेचंच १९५० सालचं डेन्व्हरचं पाच सेंट फक्त २६ लाख ३० हजार पाडलं होतं, पण लोकांनी तेव्हाच रोलच्या रोल दाबून ठेवले त्यामुळं आजही कोरं सहज मिळतं. किती पाडली यापेक्षा किती शिल्लक आहेत आणि कितीजणांना हवीत हे बघायला लागतं. आपल्याकडं तर २०१८ च्या जानेवारीत चारही टांकसाळींनी चलनातली नाणी पाडणं काही काळ थांबवलं होतं, कारण पाडलेली नाणी ठेवायला जागाच उरली नव्हती. काम थांबलं ते नाणी जास्त झाली म्हणून! उद्या कुणी २०१८ चं नाणं घेऊन येईल आणि टांकसाळ बंद होती हो त्या वर्षी म्हणून सांगेल, तेव्हा हे आठवा.

खरा डाव पुढंच होता. यात्रा संपल्यावर काकांना फोन, पुण्याचं गिऱ्हाईक आलंय, दोन्ही नाण्यांचे एक लाख ऐंशी हजार द्यायला तयार आहे, फक्त रिझर्व्ह बँकेची फाइल चार्ज आणि जीएसटी मिळून चार हजार आधी पाठवा. व्हॉट्सअपवर रिझर्व्ह बँकेच्या लोगोचं पत्र आलं. काकांनी शेजारच्या पोराकडनं पाठवून दिले, मग अजून साडेसात हजार विमा म्हणून मागितले तेव्हा काकूंनी मला फोन केला. मी त्या नंबरवर बोललो, टांकसाळीचं नाव विचारलं, फोन कट, नंतर बंदच.

रिझर्व्ह बँक जुनी नाणी-नोटा विकत घेत नाही, विकत नाही, त्यासाठी कसली फी पण मागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी स्वतः जाहीर केलंय की आमचं नाव आणि लोगो वापरून लोक असे पैसे उकळतायत. वैष्णोदेवीचं नाणं, जुनं जाडं पाच रुपयाचं नाणं, लाखो मिळतील म्हणून जे फिरतं ते सगळं याच धंद्यातलं. जाडं पाच रुपयाचं तर बांगलादेशात ब्लेड करायला चोरून न्यायचे, धातूच महाग पडायला लागला म्हणून सरकारनं ते बदललं, पण म्हणून घरातल्या नाण्याचे लाख येत नाहीत.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवलीय, चार हजारांचं अजून काही कळलेलं नाही. लॉजवाल्याकडं त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स आहे, ती पोलिसांनी मागवलीय. त्या हॉलमधनं अजून कुणी काही घेतलं असेल तर ते सर्टिफिकेट फाडू नका, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट काढा आणि तुमची पण तक्रार टाका, एकाच खात्यावर चार-पाच तक्रारी आल्या की ते गोठवायला सोपं जातं असं तिथल्या हवालदारसाहेबांनीच सांगितलं.