आमच्या सोसायटीतला छोट्यांचा कन्नड क्लास, सात महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

बेंगळुरूला येऊन आम्हाला आता दीड वर्ष झालं, मुलगी आली तेव्हा तीन वर्षांची होती आणि तिला फक्त मराठी यायचं. कर्नाटकात 2015 च्या कायद्यामुळे शाळेत कन्नड शिकावंच लागतं, त्यामुळे पुढे ते येणारच होतं, पण मला घाई होती ती वेगळ्या कारणाने. खाली गार्डनमध्ये सगळी पोरं कन्नडमध्ये ओरडत पळायची आणि ही बाकावर माझ्या मांडीवर, ते बघवायचं नाही.

आधी तीन महिने एक ॲप वापरलं, नाव लिहीत नाही. चित्रावर बोट ठेवून हत्ती, केळं, लाल रंग सगळं बरोबर ओळखायची, आम्ही खूश. मग एक दिवस लिफ्टपाशी वॉचमन काकांनी प्रेमाने विचारलं "निन्न हेसरेनु?", तुझं नाव काय, तर ही माझ्या ओढणीत तोंड लपवून उभी, इतका साधा प्रश्न तिच्या कानावर कधी पडलाच नव्हता. नंतर मी वाचलं की अमेरिकेत पॅट्रिशिया कुल या संशोधक बाईंनी 2003 मध्ये 9 महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला होता, काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं 12 वेळा समोर बसून खेळली आणि काहींना तेच व्हिडिओवर दाखवलं, तर समोर माणूस असलेल्या बाळांनाच त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखता आले, व्हिडिओवाल्यांना काही फायदा झाला नाही. आमची तीन वर्षांची, म्हणजे गोष्ट अगदी तीच नाही, पण लिफ्टपाशी जे झालं ते मला एकदम कळलं.

तर हा क्लास. बी विंगमधल्या एक रिटायर्ड शिक्षिका घरीच घेतात, सगळी मुलं त्यांना अक्का म्हणतात. आठवड्यातून दोनदा, 45 मिनिटं, आठ मुलं, महिना 2400 रुपये. बाकडी नाहीत, वह्या नाहीत, एक सतरंजी आणि प्लास्टिकची भाजीची टोपली. पहिला क्लास आईवडिलांना बसून बघू देतात, मी बसले होते. अक्का कशाचाही अर्थ सांगत नाहीत, "कूतको" म्हणत स्वतः बसतात, "एद्देळु" म्हणत उठतात, "मूगु मुट्टु" म्हणून नाकाला हात लावतात, मुलं बघून बघून तेच करतात. आणि मग त्यांनी गाईचं चित्र वर धरलं आणि म्हणाल्या "हसु". माझी लेक मनापासून हसायला लागली! तिला वाटलं हसायला सांगतायत. अक्कांना मराठी येत नाही, त्यांना मी नंतर सांगितलं तर त्यांनी पुढच्या वेळी गाय काढली आणि स्वतःच आधी खो खो हसल्या, तो शब्द ती आता जन्मात विसरणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोलायची जबरदस्ती नाही. आमची जवळजवळ अडीच महिने क्लासमध्ये एक शब्द बोलली नाही, मी फार टेन्शनमध्ये, रोज घरी आली की "काय शिकलीस, बोलून दाखव" सुरू. अक्कांनी मला बाजूला घेऊन हात जोडून सांगितलं की घरी परीक्षा घेऊ नका, ती ऐकतेय, साठवतेय. नवीन भाषेत पडलेली लहान मुलं बरेचदा काही आठवडे, कधी काही महिने गप्पच असतात, याला सायलेंट पीरियड म्हणतात, हे तेव्हा माहीत असतं तर मी तिला एवढं छळलं नसतं. आणि मग एक दिवस अक्का तिच्या पेल्यात पाणी ओतत होत्या तर ही हात आडवा धरून म्हणाली "साकु", पुरे. बस, त्यानंतर धबधबा. "हालु बेड", दूध नको, हे आमच्या घरी रोज सकाळी ऐकू येतं. आधी बेकु म्हणजे हवं आणि बेक्कु म्हणजे मांजर यात सारखी गडबड व्हायची, आता पार्किंगमधल्या मांजरीकडे बोट दाखवून "बेक्कु बेकु" म्हणून हट्ट करते.

सासूबाई माहेरच्या अक्कलकोटच्या, लहानपणी घरी कन्नडच बोलायच्या, पण लग्नानंतर सुटलं. आता व्हिडिओ कॉलवर नात "बेड" म्हणते आणि आजी "ब्याड" म्हणते, तिकडचं कन्नड तसंच आहे, दोघी एकमेकींना सुधारतात. त्या दिवशी सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं होतं.

अक्का दर आठवड्याला स्टोरीवीव्हरवरच्या एका गोष्टीची लिंक पाठवतात. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्सची ही साइट 2015 पासून आहे, सगळं फुकट, आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत कन्नडमध्येही. आम्ही घरी मराठीत वाचतो, मग क्लासमध्ये तीच गोष्ट कन्नडमध्ये ऐकायची, म्हणजे पुढे काय होणार ते तिला माहीत असतं आणि सगळं लक्ष शब्दांकडे. ही आयडिया मला फार म्हणजे फार आवडली. मराठी मागे पडेल ही भीती होती ती पण गेली. एका वाक्यात दोन्ही मिसळते, "आई, नीरु दे ना", म्हणजे पाणी दे, पण अक्का म्हणतात मिसळू दे, आणि खरंच आजीशी बोलताना ती आपोआप वेगळं करते.

न आवडलेलं पण सांगते. तीन वर्षांची आणि पाच वर्षांची मुलं एकत्र आहेत, मोठी पटापट उत्तरं देतात आणि छोटी मागे सरकतात, दोन बॅच हव्यातच. नोव्हेंबरमध्ये राज्योत्सवाला, म्हणजे कर्नाटकच्या स्थापना दिनाला, प्रत्येकाकडून चार ओळींचं भाषण पाठ करून घेतलं, आमची स्टेजवर रडली आणि नंतर दोन क्लास जायलाच तयार नव्हती. एरवी एवढं समजून घेणाऱ्या बाईंनी हे का केलं कळलं नाही, मी त्यांना स्पष्ट बोलले, पुढच्या वर्षी ज्याला हवं त्यानेच बोलायचं असं ठरलंय. सुट्टी घेतली तर पैसे परत नाहीत. लिहिणं शिकवत नाहीत, पण या वयात मला ते नकोच आहे.

परवा भाजीवाल्या अज्जींकडे ही पुढे होऊन म्हणाली "बाळेहण्णु कोडु", मग थांबली, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच बदललं, "कोडि". आपल्याकडे दे आणि द्या, तसंच. अज्जींनी एक केळं जास्त दिलं.

नवीन मुलं जूनमध्ये घेतात. पहिला क्लास बसून बघा, मगच फी भरा.