अरेथाच्या दोन रात्री: आठ महिने ऐकल्यानंतर

'अमेझिंग ग्रेस' या गॉस्पेल (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधली भक्तिगीतं) अल्बमचा संपूर्ण संच घेऊन आता आठ महिने झाले. अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिन 13 आणि 14 जानेवारी 1972 ला लॉस एंजेलिसच्या न्यू टेम्पल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये गायली आणि त्याच वर्षी त्याचा दुहेरी एलपी (दोन मोठ्या तबकड्या) निघाला. माझ्याकडे इतकी वर्षं तेवढाच होता आणि तो मला पुरेसा वाटायचा. त्यात दोन्ही रात्रींची गाणी निवडून, क्रम बदलून लावली आहेत. 1999 च्या दोन सीडींच्या या संपूर्ण संचात मात्र पहिल्या सीडीवर पहिली रात्र, दुसऱ्या सीडीवर दुसरी. ऑर्गनची सुरुवात, पाद्री जेम्स क्लीव्हलँड यांचं बोलणं, सगळं जागच्या जागी.

चार जास्तीची गाणी मिळतील एवढ्याच अपेक्षेने मी तो घेतला होता. पण 'होली होली', 'व्हॉट अ फ्रेंड', 'क्लाइंबिंग हायर माउंटन्स' आणि 'प्रेशस मेमरीज' दोन्ही रात्री आहेत, आणि पहिले दोन महिने मी या जोड्यांतच अडकले. एका रात्रीचं गाणं ऐकायचं, मग लगेच दुसऱ्या रात्रीचं. बसवून आणलेलं किती आणि उभ्या उभ्या सुचलेलं किती, ते हळूहळू कानाला कळायला लागतं. एकच बंदिश दोन मैफलींत ऐकणाऱ्याला हे सुख वेगळं सांगायला नको.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते 'मेरी, डोन्ट यू वीप'. कॉयर (गायकवृंद) खालच्या आवाजात 'मेरी' म्हणत राहतो, चक रेनीचा बेस आणि बर्नार्ड पर्डीचे ड्रम्स जराही घाई करत नाहीत, आणि अरेथा बायबलमधल्या लाझरसची, मेरीच्या मेलेल्या भावाची, गोष्ट सांगायला लागते. थडग्यापाशी येशू त्याला हाक मारतो. ती हाक अरेथा तीनदा देते, आणि तिन्ही वेळा समोरची माणसं आतून हलतात. हेडफोन लावून डोळे मिटले की ती माणसं अक्षरशः आजूबाजूला बसल्यासारखी वाटतात. कुणी टाळी देतं, कुणी मध्येच दाद देऊन ओरडतं. आमच्या गावच्या भजनात बुवांनी चरण सोडला की टाळकरी तो उचलून धरायचे, त्याची फार आठवण आली. धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण गाणाऱ्याला एकटं पडू द्यायचं नाही ही रीत तीच.

दुसऱ्या रात्री अरेथाचे वडील, पाद्री सी. एल. फ्रँकलिन, बोलायला उठतात. हे एलपीवरही होतं. अरेथा चर्चकडे परत आली की बरं, असं म्हणणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना ते सांगतात की ती चर्च सोडून कधी गेलीच नव्हती. हे ऐकल्यावर अख्खा संच वेगळा ऐकू येतो. तेव्हा ती सोल, म्हणजे गॉस्पेलच्या ढंगातल्या लौकिक, संगीतातली सर्वांत मोठी गायिका होती, आणि इथे ती बापासमोर, लहानपणीची गाणी गात बसली आहे.

तक्रार एकच. बोलणं आणि गाणं यांच्या आवाजात बरंच अंतर आहे. बोलणं नीट ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की कॉयर अंगावर येतो. हात सतत बटणावर ठेवावा लागतो.

याच नादात गायक सॅम कुकचा सोल स्टिरर्स या गॉस्पेल गटाबरोबरचा तीन सीडींचा संच घेतला, स्पेशालिटी कंपनीच्या ध्वनिमुद्रणांचा, 2002 चा. 1951 ते 1956-57 च्या सुमाराचं हे मोनो (एकाच ध्वनिवाहिनीचं) ध्वनिमुद्रण, तरी आवाज स्वच्छ आणि जिवंत आहे. 1955 च्या श्राइन ऑडिटोरियममधल्या कार्यक्रमातलं 'निअरर टु दी' तर आठ मिनिटांहून मोठं आहे, आणि सॅम कुक शेवटी शेवटी जे करतो ते तीन मिनिटांच्या तबकडीत मावणारं नव्हतंच.

त्याआधी मात्र मी फसले होते. याच गाण्यांचा एक स्वस्त संग्रह घेतला होता, वर 'रीमास्टर्ड' (जुनं ध्वनिमुद्रण नव्याने सुधारलेलं) असं ठळक लिहिलेला. त्यात खरखर पूर्ण काढून टाकली होती, आणि तिच्याबरोबर 'स', 'श'ची धार, श्वास आणि टाळ्यांचा कडकपणाही गेला होता. जुन्या टेपची खरखर आणि हे बारीक आवाज साधारण एकाच वरच्या पट्टीत राहतात, त्यामुळे एक खरवडला की दुसराही जातो. वर सगळं सारख्याच मोठ्या आवाजात आणून ठेवलेलं. गॉस्पेल गाणं खाली सुरू होऊन चढत जातं. सुरुवातच शेवटाइतकी मोठी केली तर चढायला जागा कुठे उरते? तो संग्रह मी दोनदाच ऐकला.

घेणार असाल तर आधी अरेथाचा संच घ्या. 2018 ला आलेला या कार्यक्रमाचा चित्रपट नंतर बघा. त्यात क्लीव्हलँड तोंड झाकून रडताना दिसतात, पण ते दृश्य बघण्याआधी नुसतं ऐकलेलं असावं असं मला मनापासून वाटतं. आणि दोन्ही सीडी एका बैठकीत संपवू नका. आज पहिली रात्र, उद्या दुसरी. मी अजून तशीच ऐकते.